आठ तारांचा क्रम

तीनचा दिवा पेटायला हवा होता तिथे सातचा पेटला. एक आणि दोन बरोबर होते, चार आणि पाचही शहाण्या मुलांसारखे आपापल्या जागी पेटले, पण सहाला आठ, साताला तीन आणि आठाला सहा. तार तपासायच्या टेस्टरची ती चिमुकली पेटी बाकावर पडून डोळे मिचकावत राहिली, आठापर्यंत जाऊन पुन्हा पहिल्यापासून, एखाद्याची चूक न कंटाळता सगळ्यांना वाचून दाखवावी तशी. संगणक जोडायच्या त्या तारेचं एक टोक त्याच्या शेजारणीनं बसवलं होतं, दुसरं त्यानं. तिचं टोक चुकणं शक्य नव्हतं. कीबोर्डवर तिची बोटं अशी चालत की अख्खा वर्ग तिला टकटक म्हणायचा आणि सर तिच्या कामाकडे न बघताच सही करायचे. याला सगळे गुणगुण्या म्हणत, कारण हात कामात असले की त्याच्या नकळत गळ्यातून काहीतरी चालू असायचं. आज तेही थांबलं होतं.

"गुणगुण्या, झोपलास का रे? हिरवीच्या जागी तपकिरी खोचलीस."

"हिरवीच आहे ती."

"ही?" तिनं कापून उरलेला तुकडा उचलून त्याच्या नाकापुढे धरला. "ही हिरवी?"

"हो."

तो थट्टा करतोय का, हे तिनं क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर शोधलं. मग दुसरा तुकडा उचलला. "बरं, आणि ही?"

"ही तपकिरी."

"ही नारिंगी आहे." हे मात्र ती हळू म्हणाली, आणि तिचं ते हळू बोलणंच त्याला जास्त लागलं. ती कधीच हळू बोलत नसे. सर पलीकडच्या रांगेत आहेत हे बघून तिनं संगणकावर काहीतरी शोधलं आणि पडदा त्याच्याकडे वळवला. त्यावर ठिपक्यांनी भरलेलं एक वर्तुळ होतं, लहानमोठ्या, एकमेकांना चिकटलेल्या ठिपक्यांचं. "काय दिसतं?"

"ठिपके."

"ठिपके सगळ्यांनाच दिसतात रे. त्यात काय दिसतं?"

तो वाकून बघत राहिला. ठिपक्यांत ठिपकेच होते. मागच्या बाकावरचा एकजण मान पुढे काढून म्हणाला, "चौऱ्याहत्तर आहे की, एवढं मोठं!" आणि निघून गेला. तेवढ्यात सर आले. तार उचलून त्यांनी दिव्यांची ती उलटसुलट रांग एकदा पाहिली आणि तार बाकावर टाकली. "शुक्रवारी प्रात्यक्षिक आहे, पंधरा मिनिटांत दोन्ही टोकं. ज्याची तार लागली तोच पुढचे सहा महिने कंपनीत उमेदवारीला जाणार. तुझं डोकं चांगलं आहे रे, पण लक्ष? लक्ष नाही तुझं."

लक्ष नाही. बसथांब्यापर्यंत हे दोन शब्द त्याच्याबरोबर चालत आले. ते नवे नव्हतेच. पहिलीत असताना त्यानं काढलेल्या झाडावर बाईंनी लाल पेनानं गोल केला होता. खोडाला हिरवा रंग होता म्हणे आणि पानांना तपकिरी, आणि बाजूला लिहिलं होतं, लक्ष नाही. तिसरीत नकाशात डोंगर आणि मैदान उलटे झाले. सातवीत दोन संघांचे रंगीत पट्टे वाटले तेव्हा तो अर्धा खेळ समोरच्या संघाकडे चेंडू देत राहिला आणि पोरं हसून हसून खाली बसली. तोही हसला होता. जे चुकलं ते आपल्याला कळलेलंच नाही हे लपवायला हसण्यासारखी दुसरी सोय नसते. आणि हळूहळू त्याची अशी समजूत होत गेली की आपल्या आत कुठेतरी एक ढिली जागा आहे, तिथून लक्ष गळतं, आणि ती जागा बुजवायची तर इतरांच्या दुप्पट जागं राहिलं पाहिजे. म्हणून तर त्यानं ही संगणकाची शाळा निवडली होती. संगणकाला रंगाशी काय करायचंय, असं काही तेव्हा त्याच्या मनात नव्हतं. रंग हा विषयच मनात नव्हता. इथे सगळं आकड्यांत चालतं, शून्य नाहीतर एक, आणि आकड्यांच्या बाबतीत त्याचं लक्ष कधी गळलं नव्हतं, एवढंच त्याला ठाऊक होतं. पहिल्या सहामाहीत तो वर्गात दुसरा आला होता. आता बसच्या खिडकीला डोकं टेकून त्याला वाटलं, म्हणजे इतकी वर्षं ते लक्ष नव्हतंच. आपण उगाचच स्वतःवर रागावलो. या विचारानं सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण झालं उलटंच. ढिली जागा निदान बुजवता येते. खिडकीबाहेर एक झाड गेलं, मग दुसरं, मग एक भिंत, आणि त्याला पहिल्यांदाच भीती वाटली की बसमधल्या प्रत्येकाला बाहेर काहीतरी दिसतंय, एवढं मोठं, आणि आपल्याला ठिपके.

घरी कुणी नव्हतं. या वेळी नसायचंच. आई हॉस्पिटलच्या धुलाईघरात दुपारच्या पाळीला असायची. तो यायचा तेव्हा ती गेलेली असे आणि ती येई तोवर तो झोपलेला. दोघांची गाठ पडायची ती सकाळी साडेसहा ते साडेसात, आणि बाकीचा संसार फ्रिजच्या दारावरच्या चिठ्ठ्यांवर चालायचा. आजची चिठ्ठी होती: "दूध तापवून ठेवलंय. पाव डब्यात. खुर्चीवरचे कपडे घडी कर, मग बस." वडील तो पाच वर्षांचा असताना घर सोडून गेले होते आणि त्यांची अशी एकही चिठ्ठी नव्हती. त्यानं कपडे घडी करायला घेतले. निळा शर्ट. निळी पँट. निळा स्वेटर, दुसरा निळा शर्ट, मोज्यांचे सहा जोड, सगळे एकसारखे गडद निळे. घडी घालता घालता त्याचे हात मध्येच थांबले. निळा त्याला दिसायचा. निळा त्याला कधीच चुकला नव्हता, आजसुद्धा चार आणि पाच या दोन तारा त्यानं न अडखळता बसवल्या होत्या आणि त्या निळ्या जोडीच्या. आणि आईनं आजवर त्याला निळ्याशिवाय काही घेतलं नव्हतं. एकदा दुकानात त्यानं दुसरा एक शर्ट उचलला होता, तेव्हा ती घाईघाईनं म्हणाली होती, "तो नको, तुला निळाच शोभतो." तिचा चेहरा तेव्हा कसा होता हे आठवायचा त्यानं प्रयत्न केला. चेहरा आठवला नाही, शर्ट पुन्हा खुंटीला लावणारा हात तेवढा आठवला, वाफेनं सोललेल्या बोटांचा.

म्हणजे तिला माहीत होतं.

तो खुर्चीत बसला. घराचे बारीक आवाज एकेक करून पुढे आले, फ्रिजची घरघर, वरच्या मजल्यावर ओढलेली खुर्ची, नळ. उमेदवारीच्या अर्जात एक ओळ होती, आरोग्याच्या रकान्यात शेवटची: रंगदृष्टी सर्वसाधारण आहे, हो किंवा नाही. महिन्यापूर्वी आईनं तो अर्ज याच टेबलावर भरला होता आणि दोन ओळी वर, दोन ओळी खाली जसं ‘हो’ला गोल केलं तसंच इथेही केलं होतं, आणि खाली सही. पेन तिथे थांबलं होतं का? त्याला वाटलं थांबलं होतं. पण आता त्याला काहीही वाटलं असतं. रागवायला घरात कुणी नव्हतं, म्हणून तो थोडा वेळ फ्रिजवर रागावला.

आणि मग आजोबा आठवले. आजोबा म्हणजे आईचे वडील. तो अकरा वर्षांचा होईपर्यंत याच दोन खोल्यांत त्यांच्याबरोबर राहत होते. दिवसभर ते शिलाईच्या दोऱ्यांच्या दुकानात गिऱ्हाईक बघायचे आणि आठवड्यातून दोनदा संध्याकाळी प्रार्थनेच्या हॉलमध्ये गाऊन देवाच्या गोष्टी सांगायचे. आवाज काही असा गोड नव्हता, जरा घोगराच, पण गोष्ट सांगता सांगता ते कधी गाऊ लागत आणि गाता गाता कधी बोलू लागत हे कळायचं नाही, आणि ऐकणाऱ्याच्या पोटात काहीतरी ऊन ऊन उतरायचं. पहिल्या रांगेत जमिनीवर बसून तो ऐकत असे. आज गळ्यातून आपोआप निघतं ते त्यांचंच. एक गोष्ट तर ते पुन्हा पुन्हा सांगायचे: देव एका गरिबाघरी पाहुणा येतो, दार ठोठावतो, आणि घरातली पोर विचारते, कोण आहे, कसा आहे दिसायला? "आणि काय सांगू बाबांनो," आजोबा हात वर करत, सूर ओढून धरत, "त्याच्या खांद्यावर शेला होता! कुठल्या रंगाचा?" इथे ते थांबत. हॉल वाट बघे. "ज्याला जो आवडेल तो घाला! देव काही नको म्हणणार नाही!" मग एकच गलका व्हायचा. बायका ओरडायच्या, पिवळा! डाळिंबी! मोरपंखी! कुणी आजी हटकून म्हणायची, "मला बाई पांढराच," आणि हशा पिकायचा. लोक म्हणत, काय सांगण्याची हातोटी आहे, देव आपल्या हाती देतो माणूस. आता टेबलाशी एकटं बसून त्याला आजोबांच्या सगळ्या गोष्टी भराभर आठवायला लागल्या, रानाच्या, नदीच्या, लढाईच्या, आणि त्यांत तो रंग शोधू लागला. एकही सापडला नाही. रान दाट होतं, रान गार होतं, रानाला ओल्या मातीचा वास होता. रक्त ऊन होतं. संध्याकाळ लांब होती. अख्ख्या आयुष्यात त्या माणसानं एकाही गोष्टीत हिरवा म्हणून शब्द उच्चारला नव्हता, आणि हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

तो उठला आणि कपाटाच्या वरच्या फळीवरून आजोबांचा पत्र्याचा डबा काढला. त्यात त्यांचा चष्मा होता, पाठांतराची वही होती, आणि दुकानातून आणलेल्या दोऱ्यांच्या अर्ध्यामुर्ध्या रिळा होत्या. लहानपणी त्या रिळा तो गाडीची चाकं म्हणून खेळला होता, तेव्हा त्यानं कधी पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. प्रत्येक दोऱ्याच्या मोकळ्या टोकाला गाठी होत्या. कशाला एक, कशाला दोन, कशाला तीन, अगदी बारीक, घट्ट. मोठ्या माणसाच्या जाड बोटांनी अशा गाठी बसत नाहीत.

दुसऱ्या दिवशी शाळेत टकटकनं मधल्या सुट्टीत त्याला गाठलं. तिनं रात्रभर विचार करून योजना आणली होती. "शुक्रवारी मी तुझ्या मागेच बसेन. तू तार उचललीस की मी खोकणार. एकदा खोकले तर नारिंगी, दोनदा हिरवी, तीनदा तपकिरी."

"सहा तारा, दोन टोकं. किती वेळा खोकशील?"

तिनं हिशेब केला. "चोवीस."

"सर तुला दवाखान्यात नेतील."

ती हसली, मग तोही हसला, आणि त्या हसण्यात आपण काही लपवत नाही हे त्याला जरा उशिरानं जाणवलं. पण जिना उतरताना त्याच्या मनात आलं, समज सर रागावले नाहीत, समज खोकला पचला, तर पुढे? कंपनीत कोण खोकणार? आजोबांना गाठी मारून देणारं कुणीतरी होतं. ते कुणीतरी कायम जवळ असावं लागतं, आणि ते नसलं की माणूस रानाला फक्त गार म्हणतो. त्या दुपारी प्रयोगशाळेतल्या कचऱ्याच्या टोपलीतून त्यानं तारेचे हातभर तुकडे काढून दप्तरात भरले. सगळ्या वर्गाला एकाच खोक्यातली तार मिळायची, शुक्रवारीही तीच मिळणार होती. घरी येऊन त्यानं एकाचं वरचं साल सोललं. आत चार जोड्या, प्रत्येक जोडीत एक भरीव रंगाची तार आणि एक तिचीच पांढरट जोडीदारीण, एकमेकींना पीळ घालून बसलेल्या. सर शिकवत ते असं: आधी चारही जोड्यांचे पीळ सोडवायचे, आठ तारा सरळ करायच्या आणि मग रंगानं रांगेत लावायच्या. सगळा वर्ग तसंच करी. तोही तसंच करत आला होता, आणि पीळ सुटले की त्याच्यापुढे सहा अनोळखी तारा उरत. आज सवयीनं सोडवायला गेला आणि थांबला. कशाला थांबला हे त्याला सांगता आलं नसतं. कदाचित बोटांना कालच्या गाठी अजून आठवत होत्या. त्यानं डोळे मिटले आणि एक जोडी चिमटीतून ओढली. मग दुसरी. मग पहिली पुन्हा.

त्या सारख्या नव्हत्या. एकीचा पीळ घट्ट होता, बोटाखाली खडबड खडबड लागणारा. दुसरीचा सैल, लांब उतरणीसारखा. तर्जनीच्या लांबीएवढा तुकडा धरून तो नखानं उंचवटे मोजू लागला. नऊ. दुसरी सात. तिसरी त्यानं तीन वेळा मोजली: आठ. निळीचेही नऊच भरत होते, पण निळी त्याला डोळ्यांनीच कळायची. त्यानं दुसरा तुकडा सोलला. नऊ, आठ, सात. तिसरा सोलला. चौथा. कारखान्यात बनवणाऱ्यानं जोड्यांचं एकमेकींशी भांडण होऊ नये म्हणून वेगवेगळा पीळ घातला असेल, तसं काहीसं सरांनी एकदा सांगितलंही होतं. पण त्या दुपारी, त्या रिकाम्या घरात, त्याला असं वाटलं की कुणीतरी फार पूर्वी, फार लांब, त्याचं नावगाव माहीत नसताना, त्याच्यासाठी या तारांत गाठी मारून ठेवल्या होत्या. फक्त एक उणं होतं. कुठली नऊ, कुठली सात, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं. एकदाच.

गुरुवारी सकाळी आई चहाचा कप घेऊन टेबलाशी आली तेव्हा तिथे पत्र्याचा डबा उघडा होता आणि शेजारी तारेच्या तीन जोड्या ओळीनं मांडल्या होत्या. तिनं डबा पाहिला. कप खाली ठेवला.

"या गाठी तू मारायचीस," तो म्हणाला.

"सहा वर्षांची होते." तिनं एक रीळ उचलून टोक चाचपलं. "एक म्हणजे लाल, दोन तपकिरी, तीन हिरवा. रोज सकाळी शाळेआधी दुकानात जायची आणि नव्या मालाला गाठी मारून यायची. मालकाला कळलं असतं तर बाबांना काढलं असतं. बाबा म्हणायचे, ही आपल्या दोघांची गोष्ट. घराबाहेर नाही न्यायची."

"आणि मी घराबाहेरचा?"

धुलाईघरात उभं राहून राहून तिची पाठ दुखायची, बसताना ती टेबलाचा आधार घेई. तसा तिनं घेतला. "मला वाटलं, तुझ्यापर्यंत आलं नसेल. मग ते झाडाचं चित्र आणलंस तू. मी म्हटलं, लहान आहे, रंग कळत नसतील. मग..." तिनं हात हलवला, त्या हलवण्यात नकाशा होता, खेळाचे पट्टे होते, दुकानातला शर्ट होता. "विचारलं असतं तर खरं झालं असतं ना रे. न विचारता दहा वर्षं काढली मी."

"सगळे म्हणायचे माझं लक्ष नाही. तूही म्हणायचीस."

"म्हणायचे," आई म्हणाली. तिनं स्वतःची बाजू मांडली नाही. मांडली असती तर त्याला रागावता आलं असतं.

घड्याळात सव्वासात झाले होते. त्यानं पहिली जोडी तिच्या पुढे सरकवली. "ही कुठली?"

"हिरवी."

"ही?"

"नारिंगी. आणि ही तपकिरी." ती त्याच्याकडे बघत होती. त्यानं प्रत्येक जोडी बोटावर धरून डोळे मिटून मोजली आणि पुटपुटला, नऊ हिरवी, आठ नारिंगी, सात तपकिरी, आणि मग नकळत ते आजोबांच्या चालीवर गेलं, घोगरं, ओढून धरलेलं. आईनं तोंडावर पदर नेला आणि उठून उगाचच गॅस पाहायला गेली. गॅस बंदच होता.

शुक्रवारी अकरा जण एकेका बाकावर बसले. टकटकचा क्रमांक पार पुढच्या रांगेत आला. बसताना तिनं वळून पाहिलं आणि घसा खाकरून दाखवला. घड्याळ लागलं. आजूबाजूला सालं सोलल्याचा, तारा मोकळ्या केल्याचा आवाज झाला. त्यानं बोटभर साल काढलं, तेव्हा शेजारून जाणारे सर थबकले. "एवढं सोलतात का? निम्मं वाया जाणार." त्यानं निळी जोडी डोळ्यांनीच ओळखून बाजूला केली. सरांना उत्तर दिलं असतं तर मोजणी चुकली असती. त्यानं डोळे मिटले. पहिली जोडी आठ. पहिली जागा पांढरट, दुसरी भरीव. पुढची सात, ती शेवटाला, कडेला दुमडून ठेवली. पुढच्या वेळी नऊ भरले नाहीत, साडेआठ वाटले. साडेआठ म्हणजे काय? आजूबाजूला टोक बसवायचा क्रिंपर दाबल्याचा पहिला खट्कन आवाज आला, मग दुसरा. लोकांचं एक टोक झालं होतं. देवा, त्याच्या मनात आलं, आणि पुढे काय मागावं ते सुचलं नाही. त्यानं बोट उचललं, पुन्हा ठेवलं, आणि या वेळी गळ्यातल्या सुराबरोबर मोजलं, एका मात्रेला एक उंचवटा. नऊ. तो गुणगुणतोय हे त्याला कळलंही नाही. दुसऱ्या टोकाला त्यानं डोळे उघडले ते निळी जोडी आणि पांढरट तारा ओळखण्यापुरतेच, आणि शेवटचा खट्कन आवाज झाला तेव्हा पंधरा मिनिटांतले वीस सेकंद उरले होते.

टेस्टरवर एकला एक पेटला. दोनला दोन. तीनला तीन. तो दिव्यांकडे बघत नव्हता, सरांच्या चेहऱ्याकडे बघत होता, आणि चेहरा आठापर्यंत गेला.

"लागली की पहिल्या फटक्यात," सर म्हणाले. "डोळे मिटून काय नाटक होतं?"

हो म्हणून हसून टाकता आलं असतं. अर्ज सरांच्या टेबलावर, बाकीच्या अर्जांत, ‘हो’ला गोल केलेला पडला होता आणि कुणीही तो पुन्हा उघडणार नव्हतं. तार बरोबर होती. पुढच्याही बरोबर येतील. ही आपल्या दोघांची गोष्ट, घराबाहेर नाही न्यायची. त्याला आजोबा दिसले, हॉलमध्ये हात वर करून थांबलेले, आणि त्या थांबण्यात किती एकटेपणा होता ते पहिल्यांदा दिसलं; सगळा हॉल रंग ओरडत होता आणि मधोमध एक माणूस गप्प उभा होता.

"मला हे रंग दिसत नाहीत, सर. निळा सोडून. मी पीळ मोजतो." त्याचा आवाज वर्गभर गेला असावा, कारण बाकीचे आवाज थांबले. "अर्जात चुकीचं लिहिलंय. ते बदलायचंय."

सर खुर्चीत बसले. त्यांनी एक तुकडा घेतला, जोडी चिमटीतून ओढून पाहिली, मग दुसरी. "वीस वर्षं या तारा शिकवतोय मी," ते अर्धवट स्वतःशीच म्हणाले. नंतर त्यांनी अर्ज शोधून त्याच्यापुढे ठेवला, आणि त्यानं ‘हो’वर काट मारून ‘नाही’ला गोल केलं. सरांनी तिथल्या तिथे कंपनीच्या माणसाला फोन लावला. पलीकडचा आवाज बाकापर्यंत ऐकू येत होता: "अहो, नियम आहे तो. उद्या तारांच्या पॅनेलसमोर काही गोंधळ झाला म्हणजे? मी काय सांगू वर?"

"सगळ्यांत व्यवस्थित तार त्याची आहे."

"असेल हो. मी कुठे नाही म्हणतो." पलीकडे कुणाशी तरी बोलणं झालं. "सोमवारी पाठवा. मी स्वतः बघतो. पण शब्द देत नाही हं."

सरांनी फोन ठेवला. गुणपत्रिकेत ‘पद्धत’ नावाचा एक रकाना होता, तो बहुधा रिकामाच राहायचा. त्यात त्यांनी लिहिलं, स्पर्शाने. मग वर न बघता म्हणाले, "ते लक्ष नाही वगैरे बोललो मी. ते सोड." बाहेर पडताना टकटक दारात उभी होती. "माझा घसा फुकट गेला," ती म्हणाली, आणि बसथांब्यापर्यंत त्याच्याबरोबर चालत आली, काहीही न विचारता. घरी आल्यावर त्यानं फ्रिजवर चिठ्ठी लावली: "तार लागली. अर्जात ‘नाही’ लिहिलं. सोमवारी बघणार आहेत, घेतील की नाही माहीत नाही. कपडे घडी केलेत."

शनिवारी शाळेला सुट्टी होती, त्यामुळे आई दोनच्या पाळीला निघेपर्यंतचा वेळ दोघांचा होता. इतका वेळ एकत्र काढायची सवय नसल्यानं दोघंही जरा पाहुण्यासारखी वागत होती. जेवण झालं. तिनं निघायची पिशवी भरली, दाराशी ठेवली आणि निघायला अजून पाऊण तास आहे हे बघून परत आली. चिठ्ठी अजून फ्रिजवरच होती. ती काढून तिनं घडी घातली आणि आजोबांच्या डब्यात, रिळांशेजारी ठेवली.

"सोमवारी नाही म्हणाले तर?" तिनं विचारलं.

"तर नाही."

खिडकीतून समोरच्या अंगणातलं झाड दिसत होतं, त्याच्यामागे एक भिंत, भिंतीवर वाळत घातलेलं काहीतरी. आईनं तिकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग पुन्हा तिकडे.

"मी बाबांना कधी विचारलंच नाही," ती म्हणाली. "इतक्या गाठी मारल्या. ही कुठली, ती कुठली, सगळं सांगितलं. पण तुम्हाला कसं दिसतं, हे कधी नाही विचारलं. त्यांना वाईट वाटेल वाटायचं. ते गेले, आणि ते कसं दिसायचं तेही गेलं." तिनं खुर्ची ओढून त्याच्या खुर्चीला लावली, खिडकीकडे तोंड करून, आणि सोललेले हात मांडीवर ठेवले, हॉलमध्ये गोष्ट सुरू व्हायच्या आधी ठेवायची तसे. "तुला विचारते. कसं दिसतं तुला?"

आजवर हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. त्यानं स्वतःलाही नाही.

"सांगतो," तो म्हणाला. "झाडापासून सुरू करू?"